अक्काची पाच मुलं

यमूआत्याच्या हातात गुडघ्याच्या मलमाची डबी होती.

वैजयंतीनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला. फोटो एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा, मिरजेच्या गणेश तलावापाशी काढलेला. त्यात यमूआत्याच्या हातात पितळेचा डबा होता. त्या डब्यात दशम्या होत्या आणि त्यातली एक वैजयंतीनं स्वतः खाल्ली होती. पडद्यावर मात्र हिरव्या झाकणाची डबी होती आणि आत्या ती जरा पुढे करून हसत होती. मूळ फोटोत आत्या हसत नव्हती. ती कुठल्याच फोटोत हसत नसे.

पूर्वीच्या जाहिराती बऱ्या, असं वैजयंतीला वाटे. चौकोनी खिडकी टपकन समोर यायची, भडक रंगाची. पण तिच्या कोपऱ्यात फुली असायची. फुली दाबली की गेली. दारावर येणाऱ्या बोहारणीसारखं होतं ते. नको म्हटलं की दोनदा आर्जव करून पुढच्या घरी. आता ती फुली राहिली नव्हती. कुठलासा फुकटचा फाँट उतरवून घेताना जाहिरातींचा किडा संगणकात शिरला आणि घरातल्याच वस्तूंचे कपडे घालून हिंडू लागला. आलेल्या पत्रात मधेच एखादं वाक्य त्याचं असायचं, लिहिणाऱ्याच्याच धाटणीचं.

वैजयंती बागेवाडीकर शहात्तर वर्षांची. नोकरी सगळी मिरज स्टेशनातल्या रेल्वे टपालात, पत्रांच्या वर्गवारीच्या खणांपुढे उभं राहून झाली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर तिनं घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला. नऊ पिढ्या आणि चौदाशे माणसं, कोण कुठे जन्मलं, काय केलं, कधी गेलं. मार्गशीर्षात घराण्याचं संमेलन होतं, त्याच्या आत पुस्तक छापायचं होतं. पाच भावंडांपैकी आता दोघंच उरली होती, ती आणि धारवाडचा धाकटा अविनाश. अवी तिला चित्रगुप्तबाई म्हणायचा.

मलमाच्या डबीवर तिनं कदाचित निभावून नेलं असतं. पण त्याच दिवशी तिनं आईचं ध्वनिमुद्रण लावलं. आईला सगळे अक्का म्हणत. अक्का जाण्याआधी वर्षभर वैजयंतीनं तिच्याकडून घराण्याची माहिती बोलवून घेतली होती. मूळ कॅसेट केव्हाच खराब झाली. संगणकातली प्रत तेवढी उरली होती आणि दुसरी अवीकडे.

"मला पाच मुलं," अक्का सांगत होती, मधे मधे खोकत, मागे पितळी भांड्यांचा आवाज. "वसंता, सुमी, वैजू, शरद, आणि अवी. अवी सगळ्यात धाकटा, आणि सगळ्यात हट्टी. आणि पाचांचेही गुडघे आता दुखत असतील, नाही का गं वैजू? रोज सकाळी एक चमचा..."

वैजयंती खुर्चीवरून उठलीच. आवाज अक्काचा होता, खोकलासुद्धा अक्काचा होता.

*

शबाना मुल्लाचं दुकान सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी होतं. तिचे आजोबा भोपळ्याच्या सतारी करत. शबाना संगणक दुरुस्त करायची, आजोबांच्याच पाटावर बसून. चाळिशीची बाई, कपाळाला चष्मा, हातात चिमटा.

"मी काय करू सांग," वैजयंती म्हणाली. "माझ्या आईची सेल्सगर्ल केलीय मेल्यांनी."

शबाना हसली, मग तिनं अक्काचं बोलणं ऐकलं आणि हसू आवरलं. "काकू, साध्या औषधानं हा किडा मरत नाही. आधी कसं, जाहिरात बाहेरनं यायची. तिचा पत्ता ठाऊक असायचा, दार लावलं की झालं. आता हा तुमच्याच सामानातनं जाहिरात बनवतो. तुमच्या आईचा आवाज घेतो, तुमच्या आत्याचा हात घेतो. मशीननं कसं ओळखायचं कुठली आई खरी?"

"मला कळतं की!"

"बरोबर बोललात. तुम्हाला कळतं." शबानानं खणातून नखाएवढा कॅमेरा आणि एक नवा माऊस काढला. माऊसच्या पाठीवर धातूची पट्टी होती. "ह्याचं नाव केरसुणी. पडद्यावर काय आहे ते ही बघतच नाही. ही तुम्हाला बघते. डोळ्यातली बाहुली, बोटातली नाडी, तळव्याचा घाम. नको असलेलं काही समोर आलं की माणूस दचकतो, अगदी बारीक, त्याला स्वतःलाही समजत नाही. ते दचकणं हिला समजतं. तुम्ही दचकलात आणि पटकन ते बंद केलंत, की ही म्हणते हे काकूंना नको. मग त्याचं मूळ शोधते आणि मुळासकट झाडून टाकते. फोनमधलं सुद्धा."

"आणि चुकून चांगलं झाडलं तर?"

"झाडलेलं सुपलीत असतं ना. सुपली भरली की मात्र आपोआप रिकामी होते, मग काही हाती लागत नाही. अधूनमधून बघत जा." मग ती वैजयंतीच्या हाताकडे बघत म्हणाली, "बोटाला काय झालंय? क्लिक करताना अडखळताय."

"सकाळी जरा जड असतात. वयाच्या मानानं ठीकच आहेत."

आठ दिवसांत घर स्वच्छ झालं. यमूआत्याच्या हातात पितळेचा डबा परत आला आणि तिच्या चेहऱ्यावर तिची ती आठी. पत्रं ज्याची त्याच्या भाषेत वाचता येऊ लागली. अक्काचं बोलणं खोकल्यावर संपत होतं, पुढे काही नव्हतं. वैजयंतीनं ते तीनदा ऐकलं आणि मग एक केरसुणी अवीलाही पाठवून दिली. त्याच्याकडेही तो किडा होताच. मेहुणीच्या आवाजात त्याला कोणी विमा विकत होतं.

"ताई, झाडलं बघ सगळं," अवीनं रविवारच्या फोनवर सांगितलं. दर रविवारी नऊ वाजता त्यांचं बोलणं व्हायचं, एका रविवारी फोन तिचा, पुढच्या रविवारी त्याचा. "आता ह्या कॉम्प्युटरवर तू आणि मी. बाकी शुकशुकाट."

*

कुलवृत्तांत लिहिणाऱ्या माणसाला मरणाच्या बातम्या आधी कळतात. आठवड्याला एखादं पत्र यायचंच. अमुक ठिकाणचे तमुक वारले, नोंद व्हावी.

त्र्याहत्तर साली असंच एक कार्ड आलं होतं. वैजयंती तेव्हा सात वर्षांची. कार्डाच्या माथ्यावर श्री नव्हतं आणि एक कोपरा फाडलेला होता. अक्कानं ते पोस्टमनच्या हातून उंबऱ्याबाहेरच घेतलं, उभ्यानंच वाचलं आणि वाचल्या वाचल्या फाडलं. चार तुकडे, आठ तुकडे. ते परसात नेऊन टाकले आणि मग डोक्यावरून पाणी घेऊन ती आत आली. "असलं पत्र घरात ठेवू नये," एवढंच म्हणाली. "वाचायचं आणि फाडायचं." आजोबा गेले होते. पुढे टपालात नोकरीला लागल्यावर वैजयंती ती कार्डं न वाचता ओळखायची. वर श्री नसलं की कार्ड गठ्ठ्याच्या माथ्यावर ठेवायची, म्हणजे ते आधी पोचेल. हा तिचा स्वतःचा नियम होता, खात्याचा नव्हता.

संगणकावर आलेली मरणाची पत्रंही ती तशीच वाचायची. छातीत बारीकशी कळ यायची, ती तारीख वहीत टिपायची आणि लगेच पत्र काढून टाकायची. एक मिनिटसुद्धा घरात ठेवायची नाही. मग उठून चेहऱ्यावर पाणी मारायची.

केरसुणी बघत होती.

आषाढ सरता सरता पत्रं कमी झाली. श्रावणात मरणाचं एकही आलं नाही. वैजयंतीला बरं वाटलं. यंदा कुळावर कृपा आहे, असं ती मनाशी म्हणाली. त्याच सुमाराला अवीचा फोन यायचा बंद झाला. त्याच्या पाळीचा रविवार गेला, फोन नाही. पुढच्या रविवारी तिनं केला. बराच वेळ वाजला, कोणी उचलला नाही. महिन्यापूर्वी दोघांची थोडी वादावादी झाली होती. वसंतदादाचं दारूचं पुस्तकात लिहायचं की नाही, यावरून. ती म्हणाली होती, लिहीन. तो म्हणाला होता, मग माझं नाव काढून टाक त्यातनं.

रुसलाय, असं तिनं ठरवलं. रुसू दे. लहानपणीही असाच माळ्यावर जाऊन बसायचा आणि भूक लागली की आपण होऊन उतरायचा. त्यानंतरच्या त्याच्या पाळीच्या रविवारी ती नऊ ते साडेदहा फोनजवळ बसली आणि मग फणकाऱ्यानं भाजी चिरायला गेली.

गौरी-गणपतीच्या आधी छापखान्याला मजकूर द्यायचा म्हणून तिनं आपल्या घरचं पान काढलं. अक्काच्या नावापुढे लिहिलं होतं, अपत्ये चार.

टायपाची चूक, म्हणून ती हसली. बोटं हल्ली काहीही दाबतात. दुरुस्त करायला खाली आली तर नावं होती वसंत, सुमन, वैजयंती, शरद. वंशवृक्षातल्या रेघाही चारच होत्या, सारख्या अंतरावर. शरदच्या पुढे मोकळी जागासुद्धा नव्हती.

तिनं अक्काला लावलं.

"मला चार मुलं," अक्का म्हणाली. भांडी वाजली. "वसंता, सुमी, वैजू आणि शरद. शरद सगळ्यात धाकटा." ती खोकली. मधे अडखळणं नाही, तुटणं नाही. जणू ती जन्मभर असंच सांगत आली होती.

दुपारचे दोन वाजले होते. रस्त्यावर भांडीवाला ओरडत चालला होता आणि भिंतीवर ऊन होतं. वैजयंतीनं ते पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना क्षणभर, एकच क्षण, तिला वाटलं, आपण खरंच चौघंच होतो का? तिनं हात तोंडावर दाबून धरला. मग पायात चपला सरकवल्या आणि संगणक पिशवीत घालून ती सतारमेकर गल्लीकडे निघाली.

*

शबानानं सुपली उघडली. ती काठोकाठ भरली होती.

"जाहिराती कुठायत ह्यात?" वैजयंतीनं विचारलं.

"खाली आहेत. वरचा थर सगळा माणसांचा आहे." शबाना वाचत गेली आणि तिचा आवाज हळू झाला. "काकू, मरणाचं पत्र आलं की तुम्ही काय करता?"

वैजयंतीनं सांगितलं. अक्काचं, कोपरा फाडलेल्या कार्डाचं, सगळं.

"या अल्ला." शबानानं चिमटा खाली ठेवला. "तुमच्या रिवाजाचं हिला काय ठाऊक? हिनं काय पाहिलं, काकू दचकल्या आणि पत्र फाडलं. म्हणजे नको. म्हणून ते माणूस मुळासकट झाडलं. फोटो, पत्रं, पुस्तकातली नोंद, सगळं. हे आधीचं. मग ही आणखी शिकली. दचकण्याच्या आधी काय येतं ते बघायला लागली. आवाज बसतो, फोनवरची वाक्यं तोकडी होतात, लिहिताना बोटं अडखळतात, घरच्यांच्या पत्रात दवाखान्याचं नाव येतं. ते दिसलं की आधीच झाडायचं. काकूंना दचकायला लागू नये म्हणून."

"म्हणजे माणूस जायच्या आधीच?"

शबानानं सुपलीतली नावं तिच्यापुढे केली.

वैजयंतीच्या वहीशी ताडून पाहिलं. जिवंत म्हणून नोंद असलेली अकरा माणसं झाडली गेली होती. वहीत सगळ्यांचे फोन होते. शबानानं आपला फोन पुढे केला. वैजयंती एकेक नंबर लावत गेली. सोलापूर, निपाणी, ग्वाल्हेर, पेण. "आम्ही कळवलं होतं तुम्हाला," लोक म्हणत होते, "तुमचं काही उत्तर नाही आलं." सात घरांत माणूस गेलेलं होतं. तिघांना दवाखान्यात हलवलं होतं.

अकरावा नंबर तिला पाठ होता. लावताना बोट दोनदा चुकलं.

"हॅलो, कोण?" आवाज बसलेला होता.

"अवी?"

"ताई! अगं कुठे मेलीस तू? हा कोणाचा नंबर? महिना झाला, तीनदा फोन केला मी, तू उचलायला तयार नाहीस. आमच्या मेघनानं दोन पत्रं घातली, उत्तर नाही. मला वाटलं, दारूचं प्रकरण अजून चालूच आहे हिच्या डोक्यात."

"अरे, मी पण केला होता तुला. रविवारी. उचलला नाहीस."

"इथे वाजलाच नाही."

"दवाखान्यात होतास का?"

"होतो चार दिवस. हृदयाचं जरा. आता घरी आलोय, खिचडी खातोय. तुला कोणी सांगितलं?"

"उद्या येते," एवढंच ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर शबाना म्हणाली, "केरसुणी काढून टाकली तर सुपलीतलं सगळं जाईल. ते परत आणायचा एकच रस्ता. ही तोंडाचं ऐकत नाही, शरीराचं ऐकते. एकेक पत्र उघडून वाचायचं, दचकायचं नाही आणि बंद करायचं नाही. नाडी शांत राहिली की ही म्हणेल, हवंय, आणि परत ठेवेल. सुपली आजच रिकामी होईल, काकू. बसा."

वैजयंती शबानाच्या आजोबांच्या पाटावर बसली. माऊसवर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं मरणाचं पत्र वाचून झाल्यावर पुन्हा वाचलं. निपाणीच्या दत्तूकाकांचं. त्यांना कुरडया आवडायच्या, हे तिला वाचता वाचता आठवलं. फाडायची घाई नसल्यामुळे आठवायला वेळ होता. ती वाचत राहिली आणि पडद्यावर दत्तूकाकांची रेघ परत उगवली. मग पेणच्या सरोजिनीवहिनी, मग ग्वाल्हेरचे मास्तर. शबाना मधे चहा ठेवून गेली. चारच्या सुमाराला शेवटचं राहिलं. मेघनानं लिहिलं होतं, आत्या, बाबांना आज सकाळी दवाखान्यात नेलं.

वैजयंतीनं ते पाच वेळा वाचलं. सहा वेळा. माऊसची धातूची पट्टी घामानं निसरडी झाली होती.

"नाडी खाली येत नाही काकू," शबाना हलक्या आवाजात म्हणाली. "जरा श्वास घ्या."

"यायची नाही ती खाली," वैजयंती म्हणाली. "माझा भाऊ आहे तो."

सुपली रिकामी झाल्याचा बारीक आवाज आला, झाडू फिरवल्यासारखा. वैजयंतीनं हात उचलून पदराला पुसला. "असू दे. अवीकडे अक्काची दुसरी प्रत आहे. पुस्तकाचीही आहे, त्यात तो असेलच. तिथनं आणते."

*

धारवाडच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. ह्या मार्गावरची स्टेशनं तिला खणांच्या क्रमानं पाठ होती. कुडची, घटप्रभा, बेळगाव, लोंडा. प्रत्येक खणात तिच्या हातून गेलेली कार्डं.

माळमड्डीतल्या घरी अवी दारातच खुर्ची टाकून बसला होता. वाळला होता, पण डोळे तेच. "या चित्रगुप्तबाई," तो म्हणाला. "न्यायला आलात की नोंदवायला?"

"मेल्या, खिचडी तोंडाला लागलीय तुझ्या, पुस." तिनं त्याच्या खांद्याला हात लावला. खांदा उबदार होता. मग ती शेजारच्या कट्ट्यावर बसली.

तिनं त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मधे हसला, मग हसायचा थांबला. "म्हणजे तुझ्या मशीननं मला आधीच पोचवलं," तो म्हणाला. "चल, आत चल. माझ्याकडे मी आहे की नाही, बघूया."

त्यानं संगणक लावला. वैजयंती त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. बागेवाडीकरांचा वृक्ष उघडला, अक्काचं नाव आलं आणि खाली अविनाश. जन्मतारखेसकट.

"आहेस रे!" ती म्हणाली आणि तिला रडू आलं.

अवी वरच्या ओळीवर बोट ठेवून बसला होता. अपत्ये चार.

वसंत, सुमन, शरद, अविनाश.

"अवी," ती म्हणाली, "मरणाच्या पत्रांचं तू काय करतोस?"

"काय करायचं? अक्का करायची तेच."

ज्या रविवारी इथे फोन वाजला नव्हता, तो रविवार तिला आठवला. अवीनं अक्काचं बोलणं लावलं. नको लावू, असं तिला म्हणायचं होतं, पण तोवर भांडी वाजली.

"मला चार मुलं. वसंता, सुमी, शरद आणि अवी. अवी सगळ्यात धाकटा, आणि सगळ्यात हट्टी." अक्का खोकली.

वैजयंतीनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं सकाळी जड असायची. आता दुपार टळली होती तरी तशीच होती.

"मूर्ख मशीन आहे," अवी म्हणाला. त्याचा आवाज अगदीच बसला. "तू दचकतेस तसाच मी दचकतो. त्याला काय कळतं?"

"तुझ्या बाबतीत अगदीच चुकलं नव्हतं ते."

"मी आहे ना अजून!"

"आहेस," ती म्हणाली. "मी पण आहे." तिनं हात लांब करून संगणक बंद केला. त्याचा पंखाही थांबला आणि खोली शांत झाली. "कागद आण. रेघांचा असला तरी चालेल."

अवीनं टेबलाच्या खणातून कागद आणि पेन काढलं. मग तिनं माथ्यावर, मधोमध, ठळक लिहिलं, श्री. खाली लिहिलं, मला पाच मुलं. वसंता. सुमी. तिसऱ्या नावाला तिचं बोट वळेना. पेन कागदावर नुसतंच टेकून राहिलं आणि शाईचा ठिपका मोठा होऊ लागला.

अवीनं तिच्या हातातून पेन घेतलं. त्या ठिपक्यातूनच सुरुवात करून त्यानं लिहिलं, वैजू. मग शरद. मग पेन परत तिच्या मुठीत दिलं आणि तिच्या मुठीवर आपली मूठ धरली. शेवटचं नाव दोघांनी मिळून लिहिलं, वेडंवाकडं, पहिलीतल्या पोरांनी गिरवल्यासारखं.

"वाच," तो म्हणाला.

तिनं मोठ्यानं वाचलं. मग त्यानं वाचलं. मग तिनं पुन्हा.